पोढी, कालवा आणि पाझर तलाव

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासावर काहीतरी द्या, असा मंडळाचा आग्रह झाला. राजे-रजवाड्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. बारामती-इंदापूरच्या माणसाने लिहायचे तर पाण्यावर लिहावे. आपल्याकडे वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मर्जीने. तो साठवायचा कसा आणि साठवलेला कुणाचा, या दोन प्रश्नांत आपल्या भागाचा निम्मा इतिहास आला.

सुरुवात पुणे जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, जुन्नरला करू. तिथल्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी लेणी कोरली गेली. पावसाळ्यात तिथे पाणीच पाणी. पण कातळ तो, सगळे वाहून जाते. म्हणून लेण्याशेजारी खडकातच टाके खोदत. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. वरच्या खडकात पन्हळ कोरून पावसाचे पाणी आत घ्यायचे. टाके कातळाच्या पोटात, सावलीत. उन्हाने पाणी आटू नये ही त्यातली अक्कल. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने 46 व्या वर्षी एक मंडप आणि एक पोढी दान दिल्याचा लेख जुन्नरला आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या. म्हणजे देणारा राजाचा मंत्री असो की परमुलखातला माणूस, पाणी हे दान होते.

पुढे याच महाराष्ट्रात पाण्याला शिवण्याची बंदी आली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली पास झाला. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले. हे आपण दरवर्षी ऐकतो. पण पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळाला म्हणजे पाणी मिळाले असे होत नाही. ते आपल्या तालुक्यांनी चांगलेच पाहिले आहे.

1876-77 च्या मोठ्या दुष्काळात भुकेल्या माणसांना काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली. पुढच्या दशकात पाणी आले, आणि भोरकडे भाटघरचे धरण उभे राहिल्यावर ते कायमचे झाले. कालव्यापासून नीरा नदीपर्यंतचा पट्टा बागायत झाला, पुढे तिथे ऊस आला. कालव्याच्या वरच्या अंगाला सुपे-मोरगावकडचा भाग जिरायतच राहिला, कारण पाणी चढ चढत नाही. एकाच तालुक्यात एकीकडे साखर कारखाना आणि दुसरीकडे टँकर, हे चित्र तेव्हापासूनचे. इंदापुरात उजनी धरण 1980 साली पुरे झाले. पळसदेवसारखी जुनी गावठाणे पाण्याखाली गेली, आणि पाणी मिळाले ते ज्याच्याकडे जमीन आणि मोटार होती त्याला.

मग 1972 चा दुष्काळ. म्हातारी माणसं अजून सांगतात. सुकडी खाऊन, मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले. आपल्या आया-आज्यांनी खडी फोडली, बांधावर मातीच्या पाट्या टाकल्या. 1973 च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातून रोजगार हमीचा 1977 चा कायदा आला. बारामतीत पाझर तलावांची कामे तर बहात्तरच्या आधीच, कामाच्या बदल्यात धान्य या पद्धतीने सुरू झाली होती. पाझर तलाव म्हणजे ओढ्याला आडवा मातीचा बांध, मध्ये काळ्या मातीचा गाभा. अडलेले पाणी मुरमातून झिरपून खालच्या विहिरींना उतरते. योजना उत्तमच. पण विहीर कुणाची? ज्याची जमीन त्याची. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे विहीर नव्हती, आणि विहीर खणायला जमीनही नव्हती. त्यांना मिळाली ती मजुरी. तलाव कुणी बांधला याची पाटी कुठे दिसत नाही. जुन्नरला निदान देणाऱ्याचे नाव तरी कोरले आहे.

या प्रश्नाला शेजारच्या पुरंदर तालुक्यात उत्तर शोधले गेले, आणि माझ्या मते आपल्या मुलांना ते शाळेत शिकवायला हवे. विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार. दुष्काळ पाहून ते नायगावला आले, देवस्थानची चाळीस एकर माळजमीन 50 वर्षांच्या कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला तलाव केला, विहीर घेतली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा: पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. साळुंखे 2002 साली गेले. सरकारने ही शेवटची अट कधी मनावर घेतली नाही.

आता आपल्या विहाराचे पाहू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होते. समजा स्लॅब 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद आहे, आणि पाऊस साडेचारशे मिलिमीटर झाला. तर 27 हजार लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी साडेएकवीस हजार उरतात. दहा हजारी टँकरच्या दोन खेपा झाल्या! पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे, पाइपाच्या तोंडाला जाळी बसवावी, टाकी झाकलेली ठेवावी, म्हणजे डास होत नाहीत. आवारात हिरवळीचा हट्ट नको. कडुनिंब, करंज, बोर ही झाडे दोन-तीन उन्हाळे जगवली की पुढे स्वतःचे पाहतात. बोधिवृक्षाभोवती आळे करून पालापाचोळा पसरावा. सम्राट अशोकाने वाटेवर विहिरी खोदल्या आणि झाडे लावली, हे त्याच्या दुसऱ्या शिलालेखात एकत्रच लिहिले आहे. टाकीची तोटी मात्र आवाराच्या आत नको, रस्त्याच्या बाजूला घ्यावी. उन्हाळ्यात ज्याला घागर भरायची असेल त्याने भरावी.