विक्रीला असलेलं व्हिक्टोरियन घर आणि त्यातला भाडेकरू



संशोधनाची तयारी करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: साधनं शोधायची कुठे? आज अगदी साधं, रोजचं साधन घेऊ. घरविक्रीची जाहिरात. लंडनमधल्या कुठल्याही इस्टेट एजंटची जाहिरात काढून बघा. शब्द थोडेफार इकडेतिकडे होतील, पण मजकूर साधारण असाच असतो: 'नूतनीकरण केलेलं व्हिक्टोरियन घर, मूळ वैशिष्ट्यं जपलेली, मागे बाग, कुटुंबासाठी उत्तम.'

ओळ एक, पण तिच्यात चार विधानं आहेत. आपण ती एकेक करून तपासू. मग एका खऱ्या घराकडे जाऊ, जे असंच विकलं गेलं आणि ज्याच्याशी आपला जवळचा संबंध आहे.

१. 'व्हिक्टोरियन' म्हणजे नेमकं कधीचं?

राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती. म्हणजे जवळजवळ चौसष्ट वर्षं. एवढ्या काळात बांधकाम बदलणारच, आणि त्यातले काही बदल थेट करांशी जोडलेले आहेत. काचेवरचा अबकारी कर १८४५ मध्ये गेला, विटांवरचा १८५० मध्ये, आणि खिडक्या मोजून लावला जाणारा कर १८५१ मध्ये. त्यानंतर मोठ्या काचांच्या मोठ्या खिडक्या मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आल्या. तेव्हा खिडकी बघताना फक्त 'सुंदर' म्हणून थांबू नका. ही खिडकी कुठल्या करव्यवस्थेत परवडली असेल, हेही विचारा.

२. 'मूळ वैशिष्ट्यं': कुठलं मूळ?

छताच्या कडेची प्लास्टरची नक्षी, शेकोटीची संगमरवरी चौकट, रंगीत फरश्या. जाहिरातीतले फोटो यांचेच असतात. पण विसाव्या शतकात अशा कितीतरी शेकोट्या बंद केल्या गेल्या, काढून टाकल्या गेल्या. जुन्या घरांचं सामान विकणाऱ्या वखारी तिथे आहेत. त्यामुळे समोरची शेकोटी व्हिक्टोरियन असू शकते, तरीही ती त्याच घरातली असेल असं नाही. वस्तूचा काळ आणि ती त्या जागी येण्याचा काळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संशोधनात ते दोन्ही स्वतंत्रपणे विचारायचे.

३. 'बाग'

आज या घरांचा सगळ्यात महागडा भाग म्हणजे तळमजल्याचं किंवा तळघरातलं मोठं स्वयंपाकघर, जिथून थेट बागेत उतरता येतं. व्हिक्टोरियन काळात ही उतरंड उलटी होती. पाहुण्यांचा दिवाणखाना वरच्या मजल्यावर, स्वयंपाक आणि भांडी खाली तळघरात, आणि नोकरांची झोपायची जागा पार माळ्यावर. कपडे वाळत घालणं, राख टाकणं, संडास, ही मागची कामं. कोळसा तर रस्त्याकडूनच यायचा: फुटपाथवरचं गोल लोखंडी झाकण उघडून तो खालच्या कोठीत ओतायचे. ही झाकणं लंडनमध्ये आजही पायाखाली दिसतात. म्हणजे जी जागा मोलकरणीची होती, तीच आज घराची किंमत वाढवते. जाहिरातीत अर्थातच मोलकरीण नसते.

४. 'कुटुंबासाठी उत्तम'

खरी गोम इथे आहे. ही घरं बऱ्याचदा एका कुटुंबासाठी आणि त्याच्या नोकरांसाठी बांधली गेली हे खरं. पण ती तशी राहिली का?

जमिनीचा व्यवहार बघा. लंडनमध्ये मोठे जमीनमालक जमीन विकत नसत, ती लांब मुदतीच्या लीजवर देत. ९९ वर्षांचं लीज हे नेहमीचं. बिल्डर घर बांधायचा, पण मुदत संपली की घरासकट जमीन मूळ मालकाकडे. मग मुदत संपत आलेल्या घरावर कोण खर्च करणार? त्यात श्रीमंत कुटुंबं उपनगरांकडे सरकली, नोकर मिळेनासे झाले. मोठी घरं खोल्याखोल्यांनी भाड्याने जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द वापरात आणला, तो लंडनच्या अशाच भागांबद्दल: खोल्यांनी दिलेली घरं पुन्हा सधन कुटुंबांच्या हाती जाताना, आणि आधीचे रहिवासी तिथून हलताना दिसत होते. १९६९ च्या हाउसिंग अ‍ॅक्टनंतर दुरुस्तीसाठी मिळणारी सरकारी अनुदानं वाढली आणि या बदलाला जोर आला.

म्हणून 'कुटुंबाचं घर' हा या घराच्या आयुष्यातला पहिला अंक आणि शेवटचा. मधला अंक भाडेकरूंचा, आणि नूतनीकरण सगळ्यात आधी त्याच्याच खुणा पुसतं: खोल्यांमधल्या पातळ भिंती, प्रत्येक खोलीतला गॅसचा मीटर, दारावरची वेगवेगळी कुलपं.

आता एक खरं घर

१०, किंग हेन्रीज रोड. उत्तर लंडनमधल्या प्रिमरोझ हिलजवळचं घर. इथली जमीन ईटन कॉलेजची. हे कॉलेज राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये स्थापन केलं, रस्त्याचं नाव त्यावरून. म्हणजे जमीनमालक कोण होता, हे रस्त्याची पाटीच सांगते.

या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास, ग्रेज इनमध्ये कायद्याचं शिक्षण, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध, असा तो काळ. ते तिथे मालक म्हणून राहत नव्हते, भाड्याच्या खोलीत राहत होते. लंडनच्या त्या दिवसांतली कडक घरमालकीण आणि जेमतेम जेवण यांचं वर्णन धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे.

आता संशोधक म्हणून विचार करा. या घराचे कागद शोधायला बसलात तर काय हाती लागेल? लीजचे दस्त: त्यात जमीनमालक आणि लीजधारक. स्थानिक कराच्या वह्या: त्यात कर भरणारा. पोस्ट ऑफिसच्या डिरेक्टरीत सहसा कुटुंबप्रमुखाचं नाव. खोलीत राहणारा विद्यार्थी यातल्या कशातच सापडायची शक्यता कमी. मालमत्तेचे कागद मालमत्ता असणाऱ्यांनाच लक्षात ठेवतात.

मग उरते जनगणना. ती रात्री घरात असलेल्या प्रत्येकाची नोंद करते, भाडेकरूची आणि मोलकरणीचीही. म्हणून ती मोलाची. पण तिच्या मर्यादा पाठ करून ठेवा. इंग्लंडमध्ये जनगणनेचे मूळ तक्ते शंभर वर्षं बंद असतात. १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. त्यातली नोंद फक्त एका रात्रीची आहे, १९ जून १९२१ ची. १९३१ चे तक्ते १९४२ मध्ये आगीत जळाले, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. मधल्या काळासाठी सप्टेंबर १९३९ चं युद्धकालीन नोंदणीपुस्तक वापरतात. म्हणजे ज्या काळात ही घरं खोल्याखोल्यांत वाटली गेली, नेमक्या त्याच काळात आपल्या साधनांना भोक पडलेलं आहे. ते बुजवायला पत्रांच्या माथ्यावरचे पत्ते, विद्यापीठाच्या नोंदी, आठवणी धुंडाळाव्या लागतात.

विक्रीनंतर काय झालं?

हे घर विक्रीला निघालं तेव्हा इंग्लंडमधल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी महाराष्ट्र सरकारचं लक्ष तिकडे वेधलं. २०१५ मध्ये सरकारने ते तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला घेतलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मारक म्हणून त्याचं उद्घाटन झालं. पुढे वाद उभा राहिला. काही शेजाऱ्यांची तक्रार होती, आणि कॅम्डनच्या स्थानिक कौन्सिलने संग्रहालयासाठी परवानगी नाकारली. राहण्याची जागा कमी होते, हा त्यातला एक मुद्दा. अपील झालं, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली.

आपण भावनेने एका बाजूला असू, आणि त्यात गैर काही नाही. पण वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न नीट बघा: या घराचा इतिहास म्हणजे नक्की काय? मूळ आराखडा? दीडशे वर्षं लोकांनी तिथे काढलेले दिवस? की त्यातल्या एका भाडेकरूची साधारण दोन वर्षं? बाजाराचं उत्तर पहिलं असतं, कारण त्याला भाव मिळतो. इथे तिसरं उत्तर जिंकलं, आणि ज्याची नोंद मालमत्तेचे कागद ठेवत नाहीत असा भाडेकरू त्या घराची ओळख ठरला. ही साधी गोष्ट नाही. त्याच खोल्यांत राहिलेली, नावं न उरलेली इतर माणसं मात्र अजून वाट बघताहेत. ते काम तुमचं-माझं.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातली कुठलीही एक इमारत घ्या. वाडा, चाळ, बंगला, काहीही. सिटी सर्व्हेचा उतारा काढा आणि त्यातल्या नावांची यादी करा. मग दुसरी यादी करा: तिथे राहिलेली, पण उताऱ्यात नसलेली माणसं. त्यांच्यापैकी प्रत्येकाची नोंद आणखी कुठे सापडू शकेल, ते पुढे लिहा. शाळेचं जनरल रजिस्टर, रेशनकार्ड, मतदारयादी, लग्नपत्रिका.

दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब होईल. संशोधनाचा प्रश्न तिथूनच सुरू करा.