वऱ्हाडातील पेवे

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खोल खड्डा. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत रोजच्या वापराची ज्वारी कणगीत किंवा कोठीत राही. अडीअडचणीसाठी, म्हणजे मुख्यतः पाऊस दगा देईल त्या वर्षासाठी राखलेला मोठा साठा पेवात जाई.

या प्रदेशाला अशा साठ्याची गरज इतरांपेक्षा जास्त होती. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन कसदार आहे; पण अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते. ते पिण्याला चालत नाही आणि पिकालाही मानवत नाही. त्यामुळे शेती पावसावर आणि पीक बहुतांशी खरिपाचे. मार्गशीर्षाच्या सुमारास ज्वारी घरात आली आणि पुढच्या वर्षीचे पीक बुडाले, तर त्याच ज्वारीवर त्यापुढच्या मार्गशीर्षापर्यंत, म्हणजे दोन वर्षे काढावी लागत. घरात एका वर्षाचे धान्य असणे म्हणजे वऱ्हाडात निर्धास्त असणे नव्हे, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक होते.

पेवाची जागा निवडणे हे जाणकाराचे काम असे. शेताची काळी माती त्यासाठी निरुपयोगी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगांतून पाणी आत उतरते. म्हणून पेव गावठाणात, उंचवट्यावरच्या पांढऱ्या मातीत खणत. देशमुख-पाटलांच्या गढ्या आणि वाडे याच पांढरीवर उभे असल्याने मोठी पेवे बहुधा त्यांच्याच आवारात असत. खड्डा खणून झाला की आत जाळ करून भिंती कोरड्या आणि टणक करत. तळाला आणि कडेने कडबा किंवा गवताचा जाड थर देत आणि मग ज्वारी ओतत. तोंडावर पुन्हा गवत, त्यावर दगडी चीप आणि वरून माती घालून सगळे लिंपून टाकत.

ही रचना टिकाऊ का ठरली, याचे कारण हवेत आहे. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे दोन्ही श्वसन करतात. हळूहळू प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सोंडे मरतात. भुंगा लागू नये म्हणून वेगळे औषध घालावे लागत नाही. खोलवर तापमानही फारसे चढत-उतरत नाही. मात्र ज्या वायूने किडे मरतात, तोच उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून तोंड उघडल्यावर पेव काही काळ तसेच ठेवत, मग पेटता दिवा दोरीने आत सोडत. दिवा विझला, तर आत कोणी उतरायचे नाही. ही साधी खबरदारी न घेतल्याने जीव गेल्याच्या घटना महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडल्या आहेत.

पेवाचे तोटेही होते. ओल शिरली की कडेची ज्वारी काळी पडे, आणि चांगल्या राहिलेल्या दाण्यालाही कुबट वास लागे. त्या भाकरीला ताज्या ज्वारीची गोडी नसे. शिवाय अशा दाण्याची उगवणशक्ती घटते. म्हणून बियाणे पेवात कधी टाकत नसत. ते निवडक कणसांतून वेगळे काढून, राख किंवा लिंबाचा पाला मिसळून घरातच जपत. खाण्याचे आणि पेरण्याचे धान्य वेगळ्या रीतीने राखण्याची ही समज दुष्काळानंतरच्या पेरणीसाठी पेवाइतकीच महत्त्वाची होती.

साठवणुकीच्या या व्यवस्थेत उरलेले काही फेकले जात नसे. पेवाच्या कडेची खराब झालेली ज्वारी गुराढोरांपुढे जाई. अगदीच कुजलेली ज्वारी आणि अस्तराचे गवत उकिरड्यात टाकून खत होई. मळणीनंतर कडब्याच्या गंजी लागत आणि तूर-हरभऱ्याचे कुटार वेगळे साठवले जाई, कारण दुष्काळात माणसांआधी जनावरांचे हाल सुरू होत आणि बैल मेला तर पाऊस येऊनही पेरणी होत नसे. तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीत जळत, कुडाच्या भिंतीत लागत. तुराट्यांच्या कणग्याही विणत आणि शेणामातीने लिंपत. सरकी आणि ढेप दुभत्या जनावराला. शेतात गळून राहिलेली कणसे गोळा करण्याचा, म्हणजे सरवा वेचण्याचा अधिकार गरिबांचा मानला जाई. कडब्याची गंज हा पेवाचाच दुसरा अर्धा भाग होता, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

पेव भरलेले असले तरी ते सर्वांचे नव्हते, हेही सांगायला हवे. मोठा साठा वतनदाराकडे आणि सावकाराकडे असे. आषाढ-श्रावणात लहान शेतकऱ्याची कणगी रिकामी झाली की त्याला या पेवातून ज्वारी उसनी मिळे, ती सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट परत करायची. भूक भागे आणि कर्जही वाढे. तरी धान्य गावातच असे, आणि घेणारा व देणारा एकमेकांना ओळखत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धान्य गावात साठून राहण्याला आणखी एक कारण होते. वाहतूक बैलांच्या पाठीवर चाले. वऱ्हाडचा कापूस वंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई, पण स्वस्त आणि जड ज्वारी इतक्या दूर नेणे परवडत नसे. सुगीच्या वर्षी वाढलेली ज्वारी पेवात घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. दूरदृष्टी आणि खराब रस्ते, दोघांनी मिळून पेवे भरली.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव कडाडले. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. कापसाखालचे क्षेत्र वाढले, आणि आता ज्वारीही गाडीत घालून बाहेर विकता येऊ लागली. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. धान्याला रोख भाव मिळू लागल्यावर ते दोन-चार वर्षे जमिनीत पुरून ठेवण्यात व्यापाऱ्याला फायदा उरला नाही. सारा रोखीत भरायचा असल्याने शेतकऱ्यालाही थांबणे शक्य नव्हते.

या बदलाची परीक्षा १८९६–९७ आणि त्याहून कठोरपणे १८९९–१९०० च्या दुष्काळात झाली. बाहेरचे धान्य आणायला रेल्वे होती, पण ते विकत घ्यायला मजुराकडे पैसा नव्हता. चाऱ्याअभावी जनावरे मोठ्या संख्येने मेली. १८९१ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. कापसाचा विस्तार आणि या दुष्काळांची तीव्रता यांचा संबंध लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने आपल्या अभ्यासात सविस्तर मांडला आहे. कापसाने पैसा आणला, हे खरेच. पण पेवात जी हमी होती, ती त्या पैशात नव्हती.

विसाव्या शतकात साठ्याची जबाबदारी गावाकडून सरकारकडे गेली. रेशन, ज्वारीची लेव्ही म्हणजे सक्तीची सरकारी खरेदी, आणि १९६५ पासून भारतीय अन्न महामंडळाची गोदामे आली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लोकांनी रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्ली आणि खडी फोडून मजुरी मिळवली. या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप मिळाले. दरम्यान, १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या वाणापासून संकरित ज्वारी पसरली. तिचे उत्पादन जास्त, पण कडबा आखूड, आणि लवकर पिकल्याने परतीच्या पावसात दाणा काळा पडण्याची भीती मोठी. अशी भिजलेली ज्वारी साठवणीला कच्ची. नंतर सोयाबीन आले आणि ज्वारीची शेतेच आटली. सोयाबीन घरी खाण्यासाठी राखायचे पीक नव्हे. ते काढले की बाजारात जाते.

हवाबंद साठवणीचे तत्त्व मात्र मागे पडले नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने कच्च्या विटांच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा कागद घालून ‘पुसा कोठी’ तयार केली, आणि आता बाजारात येणाऱ्या हवाबंद पिशव्यांतही कीड प्राणवायूअभावीच मरते. धान्य आधी पूर्ण वाळवायचे आणि मगच बंद करायचे, ही पेवाची अट त्यांनाही लागू आहे.