ठराव झाला, पैशाचं काय?

चवदार तळ्याची गोष्ट आपण सगळे २० मार्च १९२७ पासून सुरू करतो. मला ती चार वर्षं आधीपासून सांगायची आहे. मुंबईच्या कौन्सिलातल्या एका ठरावापासून, आणि त्याहून जास्त, त्या ठरावावर निघालेल्या सरकारी कागदापासून. आपल्या पोरांना मोर्चाची गाणी पाठ असतात. बजेटाचं पुस्तक मात्र कुणी उघडत नाही. म्हणून हे लिहितोय.

४ ऑगस्ट १९२३. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. यादी पुन्हा वाचा. तिच्यात कोर्ट आहे. म्हणजे न्याय मागायला कोर्टाची पायरी चढायची तर त्यासाठीसुद्धा ठराव लागत होता! आणि ते कोर्ट चालत होतं कुणाच्या पैशावर? शेतसारा, अबकारी भरणाऱ्यांत आपली माणसंही होतीच की. पैसा घेताना विटाळ नव्हता.

ठराव मंजूर झाला. ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारनं त्यावर आदेश काढला. खरी मेख इथं आहे. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांपुरती खातेप्रमुखांना अंमलबजावणी सांगितली. पण म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डं, जिथं आपला रोजचा संबंध, पाण्याचा, शाळेचा, त्यांच्या बाबतीत कलेक्टरांना सांगितलं की ठराव मान्य करणं इष्ट आहे का याचा विचार करण्याचा त्यांना सल्ला द्या. हुकूम नाही, सल्ला! गावातला पाटील आपल्याला सल्ला देत नव्हता, हुकूम देत होता. सरकारला मात्र सवर्णांशी बोलताना एकदम सभ्यता आठवली.

महाड म्युनिसिपालटीनं जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तळ्याकडं जाण्याची सोय कुणी केली नाही, जाणाऱ्याला संरक्षण दिलं नाही.

बोल्यांना हे कळलं होतं. ५ ऑगस्ट १९२६ ला ते दुसरा ठराव घेऊन आले: ज्या म्युनिसिपालट्या आणि बोर्डं पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांची सरकारी ग्रँट बंद करा. माझ्या मते आपल्या इतिहासात या दुसऱ्या ठरावाला पहिल्यापेक्षा मोठी जागा हवी. पहिल्यानं हक्क सांगितला, दुसऱ्यानं त्या हक्काला पैशाचा खिळा मारला. आपल्या भाषणांत पहिल्याचा उल्लेख होतो, दुसऱ्याचा क्वचित.

आता त्या कौन्सिलाचे दात किती होते तेही बघू. १९१९ च्या कायद्यानं कारभाराची दोन ताटं वाढली होती. शिक्षण, अबकारी, स्थानिक संस्था ही खाती कौन्सिलाला जबाबदार मंत्र्यांकडे. न्याय, पोलीस आणि शेतसारा गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे, राखीव. राखीव खात्यांवर सभासदांनी प्रश्न विचारावेत, टीका करावी, मागणी कापावी. गव्हर्नरनं गरज म्हटली की कापलेला पैसा परत. शाळेबद्दल मंत्र्याला धारेवर धरता येत होतं. कोर्ट-पोलिसांच्या खर्चावर शेवटचा शब्द आपल्या प्रतिनिधींचा नव्हता.

अशा सभागृहात बाबासाहेब नामनियुक्त सभासद म्हणून १९२७ साली आले. त्यांचं तिथलं पहिलं भाषण २४ फेब्रुवारीचं, आणि ते बजेटावर आहे. शेतकऱ्याची कमाई किती का असेना, शेतसारा चुकत नाही. आयकरवाल्याला मात्र कमाई नसेल तर माफी, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. मग १२ मार्चला शिक्षणखात्याची ग्रँट चर्चेला आली. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चतं आणि दारूतून माणशी दोन रुपयांच्या वर गोळा करतं, हा हिशेब त्यांनी मंत्र्यापुढं ठेवला. निदान दारूतून घेता तेवढं तरी शाळेवर घाला! प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची हजारी ११९ मुलं, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८, आपली १८. कॉलेजात जवळजवळ शून्य. शासनानं १९८२ साली छापलेल्या इंग्रजी खंडांपैकी दुसऱ्यात हे सगळं आहे. जाडजूड पुस्तक बघून घाबरू नका.

तारखा जोडून बघा. १२ मार्चला कौन्सिलात आकडे, २० मार्चला महाडच्या तळ्यावर. मध्ये आठ दिवस. सभागृह आणि रस्ता यांत निवड करा असं आपल्याला कुणी सांगितलं तर हे आठ दिवस दाखवा.

पुढचं ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९२७ मध्ये म्युनिसिपालटीनं आपला ठराव मागे घेतला. १२ डिसेंबरला सवर्णांनी दावा लावला, तळं खाजगी म्हणून. १४ तारखेला मनाई हुकूम आला. प्रतिवादी कोण? ठराव करणारं कौन्सिल नाही, सल्ला देणारं सरकार नाही. प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. निकाल जून १९३१ ला आपल्या बाजूनं लागला, पण हायकोर्टात अपील संपायला १७ मार्च १९३७ उजाडला. ठराव १९२३ चा. चौदा वर्षं. एक पिढी शाळेच्या वयाची होऊन निघून गेली.

हे आज का उकरायचं? १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा काढा. कलम १४ मध्ये विशेष कोर्ट आहे. कलम २१ मध्ये पीडिताला कायदेशीर मदत, साक्षीदाराला प्रवासखर्च आणि पोटखर्च, पुनर्वसन. १९९५ च्या नियमांत जिल्हा दक्षता समिती, कलेक्टर अध्यक्ष, तीन महिन्यांतून निदान एक बैठक. शब्द आता सल्ल्याचे नाहीत, कायद्याचे आहेत. पण साक्षीदार मजुरी बुडवून तालुक्याच्या ठिकाणी जातो तेव्हा त्याच्या हातात एस.टी.चं भाडं पडतं का, हे ठरतं बजेटातल्या एका ओळीवर. १९७९-८० पासूनच्या विशेष घटक योजनेचंही तेच. आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ साली या पैशासाठी स्वतंत्र कायदेच केले.

तेव्हा दोस्तहो, आमदार ओळखीचा असो की नसो, त्याच्या हातात लेखी प्रश्न द्या, तारांकित. गेल्या वर्षी या जिल्ह्यात किती साक्षीदारांना भत्ता दिला, किती रुपये, किती दिवसांनी. दक्षता समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या. तरतूद किती, खर्च किती, परत गेले किती. आमदार टाळत असेल तर माहितीच्या अधिकारात हेच सवाल कलेक्टर कचेरीत टाका, आणि आलेलं उत्तर इथं पाठवा. छापू.