प्रोसेसर बदलला आणि पीसी सुरूच होईना? क्रमाने काय तपासायचं

नवा प्रोसेसर बसवला, पॉवरचं बटण दाबलं, पंखे फिरायला लागले, लाइट लागले. स्क्रीन मात्र काळीच! हा प्रसंग माझ्यावर आलाय. माझ्याकडे २०१८ मध्ये घेतलेला बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड होता आणि त्यावर रायझन ५ २६००. तो काढून रायझन ५ ५६०० घातला. दोघांचं सॉकेट एकच, एएम४. म्हणजे चालणारच, असं मी धरून चाललो. घाई एवढी, की जुना प्रोसेसर सकाळी काढून एका कॉलेजच्या मुलाला विकला आणि संध्याकाळी नवा बसवला. ही चूक किती महाग पडते ते पुढे सांगतोच.

आधी एक दिलासा. अशा वेळी नवा प्रोसेसर खराब निघण्याची शक्यता सगळ्यात कमी असते. कारण बहुतेक वेळा साधं असतं. फक्त क्रमाने तपासायला हवं.

आधी लक्षण ओळखा

- काहीच होत नाही, पंखाही फिरत नाही: पॉवरची केबल किंवा केसच्या बटणाची वायर बघा.
- पंखे फिरतात, डिस्प्ले नाही: रॅम, ग्राफिक्स किंवा बायोस.
- सुरू होऊन काही वेळात बंद पडतो: कूलर नीट बसलेला नाही किंवा त्याचा पंखा जोडलेला नाही.
- बायोस दिसतं, पण विंडोज अडतं: शेवटचा मुद्दा आधी वाचा.

बऱ्याच मदरबोर्डवर कोपऱ्यात चार छोटे लाइट असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. जो लाइट लागून राहतो, अडचण बहुधा तिथे असते. माझ्या बोर्डवर सीपीयूचा लाइट पेटलेला होता.

१. पाच-दहा मिनिटं थांबा

नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळणी नव्याने करतो. डीडीआर५ रॅम असेल तर याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात स्क्रीन काळी आहे म्हणून पॉवर काढू नका.

२. केबल आणि रॅम

सॉकेटच्या वरच्या बाजूला प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल लागते, साधारण आठ पिनची. कूलर बसवताना ती काढलेली असते आणि परत लावायची राहून जाते. ती नसेल तर पंखे फिरतात, पण पीसी पुढे जात नाही. २४ पिनची मोठी केबलही दाबून बघा.

मग रॅम काढून एकच स्टिक लावा. कोणत्या स्लॉटमध्ये ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. स्टिक 'टक' आवाज येईपर्यंत बसली पाहिजे. हात लावण्याआधी पॉवर बंद करा, वायर काढा आणि केसच्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते.

३. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे?

सगळ्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. समजा तुमच्याकडे आधी रायझन ३ २२००जी होता. त्यात ग्राफिक्स आहे, म्हणून मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडून चालत होता. आता ५६०० घातला, तर त्यात ते नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एफ' असेल, जसं १२४००एफ, तर तिथेही तेच. कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावा, मदरबोर्डला नाही.

४. सीमॉस क्लिअर करा

जुन्या प्रोसेसरसाठी ठेवलेल्या सेटिंग नव्याला मानवत नाहीत, असं होतं. पॉवरची वायर काढा, बोर्डवरची सीआर२०३२ नावाची गोल बॅटरी काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. पाच मिनिटांनी बॅटरी परत बसवा. क्लिअर सीमॉसचा जंपर असेल तर तो वापरा, काम तेच.

५. खरा दोषी: जुनं बायोस

माझं घोडं इथेच अडलं होतं. रायझन ५ ५६०० बाजारात आला २०२२ मध्ये. माझ्या बोर्डमधलं बायोस २०१८ चं. चार वर्षांनी येणारा प्रोसेसर त्याला माहीत कसा असणार? सॉकेट जुळलं म्हणजे फक्त प्रोसेसर बसतो. ओळखायचं काम बायोसचं.

इंटेलमध्येही असंच आहे. एलजीए १७०० सॉकेटच्या ६०० सिरीज बोर्डवर १३व्या किंवा १४व्या पिढीचा प्रोसेसर घालायचा तर आधी बायोस अपडेट लागू शकतं. त्याआधीच्या काळात तर सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट दिसायला एकच, एलजीए ११५१, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवर पुढचे प्रोसेसर अधिकृतपणे चालतच नाहीत.

उपाय दोन. बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही अपडेट होतं. एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर बायोसची फाइल ठेवायची, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव द्यायचं आणि ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लावायचा. बटण नसेल तर जुना प्रोसेसर परत बसवून अपडेट करायचं.

माझ्या बोर्डला बटण नव्हतं आणि जुना प्रोसेसर विकलेला. शेवटी त्याच मुलाला फोन केला. तो बिचारा दुसऱ्या दिवशी प्रोसेसर घेऊन घरी आला, तासभर बसला आणि काम झाल्यावर परत घेऊन गेला. तो आला नसता तर दुकानात पैसे मोजावे लागले असते. म्हणून नवा सुरू होईपर्यंत जुना विकू नका.

अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएस असेल तर त्यावरच करा. नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळा. नव्या बायोसमधून कधी कधी काही जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो, तीही टीप वाचून घ्या.

६. वाकलेल्या पिना

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१. थर्मल पेस्ट वाळून घट्ट झाली की कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. त्यामुळे काढण्याआधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. तिथे बोट लावू नका, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा.

७. 'वाय' दाबण्याआधी थांबा

बायोस अपडेट झालं, नवा प्रोसेसर बसला, स्क्रीन आली. एफटीपीएम रीसेट करायचं का, असा संदेश होता. मी न वाचता 'वाय' दाबलं. पुढे निळ्या स्क्रीनवर विंडोजने बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली आहे हे मला माहीतही नव्हतं. त्यावर आजोबांच्या अल्बममधले स्कॅन केलेले फोटो होते, दुसरी कॉपी कुठेच नाही. माझे हातपाय गार पडले.

नशीब, ती की माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली होती. मोबाइलवरून उघडून एकेक अंक टाकला आणि विंडोज सुरू झालं. की नसती तर फोटो गेलेच होते.

तेव्हा प्रोसेसर किंवा बायोसला हात लावण्याआधी तीन कामं करा: बोर्डच्या साइटवर नवा प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते बघून आधीच अपडेट करा, रिकव्हरी की कागदावर लिहून बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, आणि महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर उचला.