पांडवांच्या पोथीतील शब्दधन

आमोण्याच्या मुलास पोथीत 'वेताळ' हा शब्द प्रथम भेटतो, तेव्हा तो त्यास नवा वाटत नाही, चुकीचा वाटतो. गावाचे दैवत बेताळ. त्याची भव्य पाषाणमूर्ती, त्याचा दरारा, रात्री तो गावाच्या सीमा फिरतो ही श्रद्धा, हे सारे मुलाने अक्षरओळखीच्या आधीच आत्मसात केलेले असते. विक्रम राजाच्या कथेत तोच बेताळ 'व' घेऊन येतो, झाडावर लोंबणाऱ्या प्रेतात शिरतो आणि राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. कोशात पाहावे तर वेताळ म्हणजे पिशाच्चांचा अधिपती; गावात विचारावे तर राखणदार. आमच्या आजोळी, आमोण्यास, बालपणी आम्ही हा घोटाळा मांडला तेव्हा आजोबांनी एवढेच सांगितले, की पोथीतला शब्द घरी आणला की तो घरच्यासारखा वागू लागतो. आमची शब्दसाधना सुरू झाली ती अशी.

परंतु या लेखाचा विषय विक्रमकथा नव्हे, पांडवकथा होय. श्रावणात आजोळी श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' लागत असे. नाझरे गावच्या या कवीने 'हरिविजय' शके 1624 मध्ये, 'रामविजय' त्याच्या पुढच्या वर्षी आणि 'पांडवप्रताप' शके 1634 मध्ये, म्हणजे इसवी सन 1712 च्या सुमारास, पूर्ण केला. त्याचे अध्याय चौसष्ट. महाराष्ट्रात या पोथ्या घरोघर वाचल्या गेल्या, तशाच त्या गोमंतकातही वाचल्या गेल्या. मात्र येथे एक भेद होता. पंढरपूरच्या श्रोत्यास ओवी कानी पडताच बव्हंशी कळे. आमोण्याच्या श्रोत्याची घरची बोली कोंकणी. म्हणून येथे दोन माणसे लागत: एक ओवी वाचणारा व दुसरा तिचा अर्थ सांगणारा. आमच्या घरी मामा वाचीत आणि आजोबा अर्थ सांगत. ओवी मराठीत, अर्थ कोंकणीत. आणि मुले त्या दोहोंच्या मध्ये बसलेली.

'सव्यसाची' हा शब्द आम्ही असाच शिकलो. मामांनी ओवी संपविली, आजोबा म्हणाले, "दावो हातय ताचो उजव्या सारकोच चलतालो." डाव्या हातानेही धनुष्य ओढणारा तो सव्यसाची. मग गुडाकेश, किरीटी, धनंजय, पार्थ, बीभत्सु. एका अर्जुनाची इतकी नावे का, असे विचारता प्रत्येक नावामागे एक प्रसंग निघे. पाठ करावयास दिलेली समानार्थी शब्दांची यादी आम्ही पुढे शाळेत विसरलो. ही यादी विसरलो नाही, कारण ती आम्ही यादी म्हणून शिकलोच नव्हतो.

सैन्याचे प्रकरण तर गणिताचे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तिची तिप्पट सेनामुख, त्याची तिप्पट गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे 21,870 रथ, तितकेच हत्ती, 65,610 घोडे व 1,09,350 पदाती. यांतील कोणत्याही आकड्याच्या अंकांची बेरीज करा, अठराच येते. आणि कुरुक्षेत्री दोन्ही पक्षांच्या मिळून अक्षौहिणीही अठराच. ओसरीवर कोळशाने हा हिशेब मांडल्याबद्दल आम्ही बोलणी खाल्ली, हे ओघाने सांगतो. आज वर्तमानपत्रात क्रिकेटचा 'चमू' वाचताना किंवा दूरचित्रवाणीची 'वाहिनी' ऐकताना आम्हांस ते रथ-हत्ती दिसतात. वाहिनी ऐंशीवर एक पत्तींची असे आणि चमू तिच्या नऊपट. त्या हिशेबाने अकरा खेळाडूंचा चमू फारच तोकडा म्हणावयाचा.

पुढे कायद्याचा अभ्यास करताना सभापर्वातील शब्दांनी आमची पुन्हा गाठ घेतली. 'पण' म्हणजे डावावर लावलेली वस्तू. स्वतःस हरलेल्या युधिष्ठिरास मला पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न निव्वळ आक्रोश नाही. तो स्वामित्वाचा अत्यंत काटेकोर प्रश्न आहे, आणि भीष्मांसारख्यासही त्याचे निःसंदिग्ध उत्तर देता आले नाही. त्याच सभेतला दुसरा शब्द 'सभ्य'. आज आपण सुसंस्कृत माणसास सभ्य म्हणतो. धर्मशास्त्रात सभ्य म्हणजे राजाच्या न्यायसभेत बसून निर्णयास साहाय्य करणारा. त्या अर्थाने कौरवसभा सभ्यांनी भरलेली होती. आजच्या अर्थाने तिच्यात सभ्य माणूस शोधावा लागतो.

तथापि शब्दांचा ओघ केवळ पोथीकडून घराकडे होता असे मात्र नाही. पोथीत 'उदक' आले की पुण्याच्या मुलास ते पूजेच्या पळीपुरते ठाऊक. आमच्या घरी ते रोज विहिरीतून वर येई. ज्ञानेश्वरीत 'वचणे' म्हणजे जाणे. मराठीतून ते क्रियापद केव्हाच लोपले. आमोण्यात आई मुलास आजही "वच" म्हणते. ज्ञानदेवांचे 'वोखद' आमच्या घरी 'वखद' होऊन फडताळात राहिले. म्हणून जुना मराठी ग्रंथ उघडताना कोंकणी मूल काही ठिकाणी देशावरच्या मुलाच्या पुढे असे, व हे त्यास कोणी सांगितलेले नसे. आजोबा एखाद्या ओवीवर अडले की आजी आतून शब्द पुरवी. तिला लिहिता येत नव्हते.

हे सारे ज्या गावात चाले, त्याच्या पायथ्याशी मांडवी वाहते. पलीकडे खांडोळे आणि थोडे खाली गेले की दिवाडी बेट. सोळाव्या शतकात या नदीस जे महत्त्व आले ते नकाशावरून कळत नाही. तिसवाडीतील देवालये 1540 च्या सुमारास पाडली गेली, आणि दैवते नदी ओलांडून आली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्यास आला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी 1668 मध्ये करविला. दिवाडीचाच महागणपती खांडेपार, मग आमोण्याशेजारचे नावेली, आणि अखेर खांडोळे, असा वनवास करीत स्थिरावला. पांडव हरवळ्याच्या गुंफांत राहून गेले असे डिचोलीचा माणूस सांगतो. गुंफा कोणी व केव्हा कोरल्या हा संशोधकांचा प्रश्न. परंतु ज्यांच्या देवांनी असा प्रवास केला, त्यांना वनवास आणि अज्ञातवास हे शब्द समजावून सांगावे लागले नसतील.

दैवतांबरोबर ग्रंथांचेही हाल झाले. 1559 च्या जेझुइट पत्रव्यवहारात एक हकीकत येते. व्यासांच्या ग्रंथांचे रूपांतर करण्यात आठ वर्षे घालविलेल्या एका ब्राह्मणाच्या घरात अचानक शिरून त्याचे ग्रंथ उचलण्यात आले आणि गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात नेण्यात आले. वाट दाखविणारा नुकताच धर्मांतरित झालेला होता. दशावतारी खेळात संकासुर वेद चोरतो, त्याची येथे कोणास आठवण झाली तर नवल नाही. आमच्या व्यवसायात जप्त मालाचे पुढे काय झाले हा प्रश्न नेहमी विचारावा लागतो. या मालाचे पुढे जे झाले ते विचार करण्यासारखे आहे.

मिशनऱ्यांना लोकांची भाषा हवी होती. त्या भाषेत छापील पुस्तक नाही, कोश नाही, व्याकरण नाही. जे होते ते रामाचे व पांडवांचे कथानक. मग त्याच कथा रोमी लिपीत उतरून घेण्यात आल्या. अशी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात आज आहेत. त्यांत रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात आहेत व मराठी काव्यही आहे. 1567 च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या ग्रंथांविरुद्ध निर्बंध घातले. म्हणजे जी कथा श्रोत्याने ऐकू नये, ती पाद्र्याने शब्द शिकण्यासाठी वाचावी, अशी ती व्यवस्था झाली. रायतूरच्या विद्यालयात पुढे जे भाषाकार्य झाले त्याच्या मुळाशी ही शिकवणी आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरास छापले गेले, तेही ओवीत आणि पुराणाच्या घाटात. जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काही द्या, अशी मागणी नवख्रिस्ती श्रोत्यांकडून झाल्याचे त्या ग्रंथातच येते. दियोगु रिबैरु यांचा शब्दकोश 1626 चा, आणि स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापले गेले.

या लोकांविषयी आमच्या मनात राग आहे, हे आम्ही लपवीत नाही. स्टीफन्स यांच्या मराठीविषयी आदर आहे, हेही लपवीत नाही. दोन्ही एकाच वेळी बाळगणे कठीण जाते खरे, पण पुराव्याचा आग्रह तसाच आहे.

1684 च्या 27 जूनला विसरेई कोंदि द आल्व्होर यांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज धरण्याचा हुकूम काढला व तीन वर्षांची मुदत दिली. आमोण्यास तो लागू झाला नाही. डिचोली महाल पोर्तुगीजांकडे गेला तो 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये. मधल्या दोन-अडीचशे वर्षांत या तीरावर ओवी वाचली गेली आणि अर्थ सांगितला गेला. शेणयमामांनी धूळपाटीवर मराठी अक्षरे गिरवून घेतली. पेडणे-डिचोलीच्या जत्रांतून दशावतारी नटांनी, लिखित संहितेवाचून, भीमार्जुनांच्या तोंडी भारदस्त मराठी घातली आणि संकासुराच्या तोंडी गावची बोली ठेवली. निरक्षर प्रेक्षकाने दोन्ही उचलली.

ब्रागाच्या कोंकणी गद्याचा कर्ता कोण याविषयी काही अभ्यासक केळशीच्या कृष्णदास शामांचे नाव घेतात. त्यांनी 1526 मध्ये 'श्रीकृष्णचरित्रकथा' मराठी ओवीत रचिली होती. कर्तृत्वाचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. परंतु त्या गद्याचे स्वरूप पाहता आमचा एक तर्क आहे. एकाच प्रदेशात, एकाच काळी, एकच कथा ओवीत मराठी असते आणि गद्यात कोंकणी असते, याचे कारण आमच्या मते ओसरीवर शोधावे. ते गद्य म्हणजे ओवीचा सांगितलेला अर्थ असावा, आणि लेखकाने तो कानांनी टिपला असावा. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले व मराठीच्या शासकीय वापरास वाव ठेविला. त्या वेळच्या वादात दोन्ही पक्षांनी जुने ग्रंथ पुराव्यादाखल पुढे केले. ओसरीवरची ती दोन माणसे साक्षीस कोणी बोलाविली नाहीत.

आता आजोळी पोथी श्रावणात लागते, पण अर्थ सांगणारा बसत नाही. मामांनंतर वाचणारे मामेभाऊ आपल्यापुरते वाचून पोथी बांधून ठेवतात. गेल्या श्रावणात आम्ही त्या कोंकणी गद्यातील एक छापील उतारा बरोबर नेला होता. आमच्या थोरल्या मावशी, वय ब्याऐंशी, खांबाला टेकून ऐकत होत्या. दोन-चार जुन्या रूपांवर त्या हसल्या, एके ठिकाणी "अशेंच म्हणटाले बाबा" असे पुटपुटल्या. हे लिखाण चारशे वर्षांपूर्वीचे व पोर्तुगालातून आलेले आहे, हे आम्ही त्यांना मुद्दाम सांगितले नव्हते. उतारा संपला. आम्ही कागद मिटला. मावशी थोडा वेळ वाट पाहून म्हणाल्या,

"अर्थ जालो रे. पूण ओवी खंय?"