रविवार, खंडोबा आणि गिरणीचा भोंगा



काळ अस्थिर असताना ईश्वरावर भरवसा ठेवण्याविषयी बोला, असे चालकांनी आम्हांस सांगितले तेव्हा प्रथम हसू आले. कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसास हा विषय द्यावा, ही थट्टा की परीक्षा? आम्ही कीर्तनकार नव्हे, पंडितही नव्हे. शाळा दहावीस सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि गिरणीच्या फाटकावर झाले. तेव्हा देव आहे की नाही, हा वाद आम्ही घालणार नाही. ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवून गाव सोडले, शहर वसविले आणि एक हक्क मिळविला, त्यांची हकीकत तेवढी सांगतो.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. पुढच्या तीस वर्षांत रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतली माणसे हजारोंनी परळ-लालबागकडे लोटली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे केवढे स्थित्यंतर होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. गावी दिवस मोजायचा तो सूर्याने, वर्ष मोजायचे ते पावसाने आणि आठवडा मोजायचा तो बाजाराने व देवाच्या वाराने. मुंबईत हे सारे भोंग्याने गिळले. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत काम, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. सण सोडले तर हक्काची सुट्टी नाही. रविवारीही पुष्कळ ठिकाणी अर्धा दिवस यंत्रे पुसण्यास यावे लागे. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला, पण त्याची नजर मुलांपुरती होती. सात ते बारा वर्षांच्या पोराकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, एवढी त्याची दया! मोठ्या माणसाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

अशा वेळी ही माणसे गावाहून काय घेऊन आली? जमीन आणता येत नाही, बैल आणता येत नाही. टाक आणता येतो. कुलदैवताचा चांदीचा किंवा पितळेचा टाक, भंडाऱ्याची पुडी, एकतारी आणि टाळ. चाळीच्या कोनाड्यात देव बसला आणि खोलीत दहा-दहा गाववाले राहू लागले. भजनी मंडळे निघाली. आमच्यासारखे पुढारी पुढे कितीही वर्गवर्ग म्हणत असोत, गिरणगावातली पहिली संघटना ही टाळकऱ्यांची होती, असे आमचे मत झाले आहे. जिथे वर्गणी जमते, हिशेब राहतो आणि आजारी माणसाच्या घरी कोणी जायचे हे ठरते, तिला संघटना नाही तर काय म्हणावे?

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतले पाहिजे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. रेल्वेत व टपालखात्यात नोकरी केल्यावर ते गिरणीत स्टोअरकीपर झाले; पुढे नोकरी सोडून ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा भरविली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि जायबंदी झाल्यास भरपाई, अशा त्यांच्या मागण्या. अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला ना सभासदांची यादी होती, ना वर्गणी, ना नियम. म्हणून काही इतिहासकार तिला संघटना मानावयास तयार नाहीत. वर्गणीच्या पावत्या फाडून ज्यांची बोटे झिजली, त्या आम्हांला मात्र या माणसाचा हेवा वाटतो.

रविवारच का, याची जी कारणे लोखंड्यांनी मांडली, त्यांत एक असे होते की, रविवार हा खंडोबाचा वार आहे. साहेबाला रविवार चर्चसाठी हवा होता. सरकारी कचेऱ्यांना तो मिळतही होता. लोखंड्यांनी तोच वार आपल्या देवाच्या नावे मागितला. कोणी म्हणेल, ही नुसती हुषारी. आम्हीही एके काळी तसेच म्हणत होतो. परंतु लोखंडे ज्यांच्या शाळेत शिकले त्या जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त, १८७३ सालीच, खंडोबाला बळीराजाच्या राज्यातला अधिकारी ठरविले होते. तो कष्टकऱ्यांच्या स्वतःच्या राज्याची आठवण होता. आणि सत्यशोधकांचा निर्मिक असा, की त्याच्यापाशी जावयास मध्ये दलाल लागत नाही. ज्याला देवापाशी दलाल नको, त्याला मालकापाशी तरी मुकादमाचा वशिला कशाला हवा? हा धागा ध्यानात घेतला म्हणजे लोखंड्यांचा खंडोबा हा केवळ वकिली मुद्दा राहत नाही.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली! त्यांची भाषणे आज शब्दशः हाती असती तर आमची अर्धी व्याख्याने आम्ही त्यांवरून ओवाळून टाकली असती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीस सरकारी शिक्का मिळाला.

यानंतर खरी कसोटी आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. दोन-चार महिन्यांत निम्मे शहर रिकामे झाले. बोटी भरभरून माणसे कोकणात गेली. जे राहिले त्यांना इस्पितळाची दहशत. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आत नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशी वदंता होती.

या जमावाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या घरात शिपाई शिरतात, माणसाला उचलून नेतात, आणि बायकोला दारापलीकडे येऊ देत नाहीत, त्या घराने भरवसा कोणावर ठेवावा? सरकारवर ठेवावा असे सरकारने काही केले नव्हते. देवावर ठेवला, म्हणून ती माणसे इस्पितळावर धावली, असे काही लेखक सुचवितात. आम्हांला उलटे दिसते. भरवसा उरला नव्हता, म्हणून दगड हाती आले. कारण भरवशाचे वागणे त्याच काळात दुसरीकडे दिसत होते. लोखंडे शहर सोडून गेले नाहीत. रुग्णांच्या कामात राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. पुण्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. दोघेही निर्मिकाला मानणारे. त्यांनी कोणता नवस केला नव्हता, आणि निर्मिक आपल्याला वाचवील असा करारही मागितला नव्हता.

आता थोडे घरचे. आमचे वडील गिरणीत साचेवाले, मूळचे साताऱ्याकडचे. कुलदैवत पालीचा खंडोबा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. दर रविवारी घरी तळी उचलली जाई. संप लांबला, खोबऱ्याची वाटी परवडेनाशी झाली, तेव्हा तळीत नुसती सुपारी आली. आईने दहा माणसांची खानावळ घातली. एकदा तळी झाल्यावर तिने विचारले, “आवं, देव बघंल ना आपल्याकडं?” वडील टोपी घालत म्हणाले, “बघंल की. पर मीटिंग चारला हाय, मला जायाला पायजे.” संपाचे काय झाले ते आपण जाणता. वडिलांना त्या गिरणीचे देणे शेवटपर्यंत पुरते मिळाले नाही. तळी मात्र चुकली नाही.

एवढे पाहूनही आम्ही पुढे एक चूक केली. एका कारखान्यात संप चालू असताना आषाढ आला आणि निम्मे कामगार वारीला निघाले. आम्ही तरुण होतो. फाटकावर उभे राहून त्यांची टवाळी केली. विठोबा तुमचा करार करून देणार काय, असे विचारले. एक म्हातारा फिटर तेवढा थांबला आणि म्हणाला, “भाऊ, माळ घातलेल्यानं संप फोडल्याचं कधी ऐकलंय का?” एकादशी करून ते सारे परत आले आणि अखेरपर्यंत बसले. आमच्या भाषणाला ज्यांनी टाळ्या दिल्या होत्या, त्यांतले बरेच आधीच आत जाऊन सही करून आले होते. म्हाताऱ्याची क्षमा मागावयाची राहून गेली.

माळ घातलेले सगळेच असे असतात, असे आम्ही म्हणत नाही. देवावर हवाला ठेवून घरी बसणारेही पुष्कळ पाहिले. त्यांना बैठकीला आणताना पायांचे तुकडे पडतात. पण जो कशावरच भरवसा ठेवीत नाही, तो शेजारच्या साच्यावरच्या माणसावरही ठेवीत नाही, हा आमचा अनुभव आहे.

गिरण्यांच्या जागी आज टोलेजंग इमारती आहेत आणि त्यांतले रखवालदार, सफाईवाले कंत्राटी आहेत. पुष्कळांना रविवार नाही. मध्यंतरी जेजुरीच्या बाजूच्या काही कंत्राटी पोरांचे मागणीपत्र लिहावयास बसलो होतो. पहिले कलम साप्ताहिक सुट्टीचे. आम्ही लोखंड्यांची गोष्ट सांगितली, पोरे मन लावून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर एक जण म्हणाला, “साहेब, रविवार तर लिहाच. पण सोमवती आली तर सोमवारचं काय?”

ते कलम दुसरे म्हणून घातले आहे.