वानरांची वाट झाडावरून आणि जमिनीवरूनही

पुणे : काळ्या तोंडाचा, राखाडी अंगाचा आणि लांब शेपटीचा वानर महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. तांबूस तोंडाचे, आखूड शेपटीचे माकड वेगळे. वानर हा प्रामुख्याने पानांवर जगणारा प्राणी असून भीमाशंकर, मेळघाट, ताडोबा, पेंच या जंगलांत त्याचे कळप आढळतात.

पानांतून शक्ती कमी मिळते व ती पचायला वेळ लागतो. वानराच्या जठराचे अनेक कप्पे असतात. त्यांतील सूक्ष्म जीव पाने आंबवतात. म्हणून चरणे, मग दीर्घ विश्रांती, पुन्हा चरणे असा त्याचा दिनक्रम असतो. दिवसभराची भटकंती बहुधा एखाद्या किलोमीटरच्या आसपास राहते. कोवळी पालवी, फुले व फळे जिकडे, तिकडे ऋतूनुसार कळपाचा मोर्चा वळतो. रात्री मात्र उंच झाडाचाच आश्रय घेतला जातो.

फांद्यांवर वानर चारही पायांनी चालतो. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असल्याने उडी जोरदार बसते. आडवी झेप सुमारे चार मीटरपर्यंत जाते. उंचावरून खाली झेपावताना हे अंतर बरेच वाढते. शेपटीने तो फांदी पकडत नाही, तिचा उपयोग तोल सांभाळण्यासाठी होतो. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी शेपटीच्या ठेवणीतील एक फरक नोंदवला आहे. ढोबळमानाने तापी-गोदावरीच्या उत्तरेकडील वानर चालताना शेपटीची कमान डोक्याकडे नेतात, तर दक्षिणेकडील वानरांची शेपटी मागे वळलेली असते.

झाडावरचा प्राणी असूनही वानर पुष्कळ वेळ जमिनीवर घालवतो. मध्य भारतातील जंगलांत त्याच्या झाडाखाली चितळे गोळा होतात. वरून पडलेली पाने त्यांना मिळतात आणि वानराच्या इशाऱ्याने वाघ-बिबट्याची चाहूलही लागते.

खरी अडचण येते ती झाडांची सलग छत्री तुटल्यावर. रस्ता रुंद झाला की झेप पुरत नाही. मग वानराला खाली उतरून वाहनांसमोरून जावे लागते, किंवा विजेच्या तारांचा आधार घ्यावा लागतो. दोन्हींत जीव जाण्याचा धोका आहे. तमिळनाडूत वालपराई येथे सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून झाडांना जोडणारे पूल बांधण्यात आले आहेत. रस्त्याकडेची जुनी झाडे राखणे हा त्याहून सोपा उपाय होय.

तरुण नर कळपाबाहेर पडून दूरवर भटकतात. असा एखादा वानर कर्वेनगर, वारजे यांसारख्या टेकड्यांजवळच्या उपनगरांत आलाच, तर त्याला खाऊ घालू नये व हुसकावण्यासाठी दगड मारू नयेत. वन विभागास कळवावे. माणसाच्या हातचे खाद्य मिळू लागले की वानराची पावले जंगलाऐवजी रस्त्याकडे वळतात.